चार सेमिस्टर वर्गात ॲप्स वापरून बघितली, त्यातली राहिली किती आणि गेली किती

मी डिग्रीच्या फर्स्ट आणि सेकंड इयरला फिजिक्स शिकवते, वर्गात ६८ पोरं आहेत आणि गेली चार सेमिस्टर मी 'फोन बाहेर काढा' असं म्हणणारी बाई आहे. त्याआधीची सगळी वर्षं 'फोन आत ठेवा' म्हणण्यात गेली, त्यामुळे पहिल्या दिवशी पोरांना वाटलं मी टोमणा मारतेय, दोघातिघांनी तर फोन घाईघाईने आणखी आत ढकलला.

या काळात नऊ-दहा ॲप्स वापरून झाली. स्टोअरवर सगळ्यांनाच साडेचार स्टार असतात आणि त्या स्टारवरून काही म्हणजे काही कळत नाही, म्हणून मी माझा स्वतःचा हिशोब ठेवला. वहीत दोन आकडे लिहायचे, पोरांच्या हातात फोन किती मिनिटं होता आणि त्यातून वर्गात बोलणं किती मिनिटं झालं, बास. पहिला आकडा छोटा आणि दुसरा मोठा आला तर ॲप ठेवायचं, उलटं झालं तर डिलीट. फीचर्स बिचर्स नंतर बघू. खाली जे काही लिहिलंय ते या हिशोबावर.

आधी जे गेलं त्याबद्दल, म्हणजे राग निघून जाईल एकदाचा. नाव घेत नाही, कॉलेजने घेतलेलं होतं आणि सक्तीचं होतं, एकाच ॲपमध्ये हजेरी, नोट्स, असाइनमेंट, क्विझ, फी, टाइमटेबल, सगळं कोंबलेलं. हजेरीची आयडिया अशी की समोर स्क्रीनवर चार आकडी कोड येणार आणि पोरांनी तो ३० सेकंदांत आपल्या फोनवर टाकायचा. पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यात मला सहज वाटलं म्हणून डोकी मोजली तर समोर ४१ आणि ॲपमध्ये हजर ५८. कोड ग्रुपवर जात होता हो, दुसरं काय! आणि गंमत म्हणजे समोर बसलेल्या ४१ मधल्या तिघांची हजेरी लागलीच नव्हती कारण त्यांचं नेट गोल गोल फिरत बसलं होतं, म्हणजे जो आला तो गैरहजर आणि जो घरी लोळतोय तो हजर. वर त्या तिघांची हजेरी हाताने लावायची तर विभागप्रमुखांची परवानगी, ती पण ॲपमधूनच मागायची. शिवाय असाइनमेंट देऊन मोकळ्या झालेल्या पोरांनाही रात्री अकराला 'तुमची असाइनमेंट बाकी आहे' असं नोटिफिकेशन. शिवाय इन्स्टॉल करताना कॉन्टॅक्ट्सची परवानगी. ती कशाला लागते हे मी दोनदा लेखी विचारलं, उत्तर आलं नाही, असाइनमेंट गोळा करायला माझ्या मावशीचा नंबर का लागावा हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या वहीत त्या ॲपची नोंद आहे, फोन हातात ११ मिनिटं, बोलणं शून्य. हो, 'मॅडम लॉगिन होत नाहीये' हे बोलणं धरलं तर मग भरपूर.

आता कामाची ॲप्स.

लाइव्ह पोल घेणारी ॲप्स तुम्हाला माहीत असतील, काहूट, मेंटीमीटर, सोक्रेटिव्ह वगैरे. मुळात काम सगळ्यांचं एकच, तुम्ही प्रश्न टाकता, पोरं फोनवरून उत्तर देतात, समोर पट्ट्यांचा ग्राफ उभा राहतो. काहूट नॉर्वेचं, २०१३ला आलं, आणि पोरांना तेच सगळ्यात जास्त आवडतं कारण गाणं वाजतं, पॉइंट्स मिळतात, शेवटी पहिले तीन नंबर झळकतात. पण जितकं लवकर उत्तर तितके जास्त पॉइंट्स, ही त्याची मूळची खेळाची रचना, आणि फिजिक्सच्या विचार करायच्या प्रश्नाला ती मला पटत नाही. ज्याला विचार करायचाय तो मागे आणि जो पटकन ठोकून देतो तो पुढे असं होऊन बसतं. पॉइंट्स बंद ठेवायची सोय आहे त्यात, ती शोधा आणि वापरा, व्याख्या, एककं, चिन्हं असल्या पाठांतराच्या गोष्टींना मात्र खुशाल चालू ठेवा, तिथे धमाल येते.

काहूटच्या बटणांवर रंगासोबत आकारही असतात, लाल त्रिकोण, निळा डायमंड, पिवळा गोल, हिरवा चौकोन. मला ती आधी नुसती सजावट वाटायची. मग दुसऱ्याच एका क्विझच्या ॲपवर, ज्यात नुसते लाल आणि हिरवे पट्टे होते, एक मुलगा प्रत्येक वेळी शेजारच्याच्या फोनमध्ये डोकावताना दिसला. मी त्याला कॉपी करतोस म्हणून सगळ्यांसमोर झापलं. तास संपल्यावर येऊन म्हणाला, 'मॅडम, मला लाल-हिरवं सारखंच दिसतं, मी फक्त कुठलं कुठलं आहे ते विचारत होतो.' काय बोलणार यावर? मी सॉरी म्हटलं, दुसऱ्या दिवशी वर्गासमोर पण म्हटलं, आणि ते ॲप काढून टाकलं. तेव्हापासून कुठलंही ॲप घेताना आधी त्याचा स्क्रीन काळा-पांढरा करून बघते, बहुतेक फोनमध्ये ती सेटिंग असते, काळ्या-पांढऱ्यात कळलं तरच घ्यायचं.

पोलचा खरा उपयोग मला कळला तो वेगळ्याच वाटेने. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणारे एरिक मझूर, त्यांनी १९९१मध्ये एक पद्धत सुरू केली, तेव्हा स्मार्टफोन नव्हतेच, पोरं कार्डं दाखवायची, पुढे टीव्हीच्या रिमोटसारखे क्लिकर आले. पद्धत अशी की प्रश्न टाकायचा, आधी प्रत्येकाने गप्प बसून एकट्याने उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये आली तर बरोबर काय ते सांगायचं नाही, 'शेजाऱ्याला पटवा' म्हणून सोडून द्यायचं आणि मग परत मत घ्यायचं. ३०च्या खाली आली तर आपलंच शिकवणं गंडलंय, परत शिकवा, ७०च्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे सरका.

मी टाकलेला पहिला प्रश्न, भरलेला ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकल्या, तर कोणी कोणावर जास्त बल लावलं? आता न्यूटनचा तिसरा नियम हा झोपेतून उठवून विचारला तरी येतो सगळ्यांना, क्रिया प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध, सुरात म्हणतात अगदी. ग्राफ आला, ट्रक ४१, दोन्ही सारखंच २४, कार ३. त्या तिघांना कार का वाटली हे मी विचारलंच नाही. मागची दहा वर्षं मी हाच नियम शिकवून 'समजलं का?' विचारायचे आणि सगळे 'हो मॅडम' म्हणायचे आणि मी पुढचं पान उलटायचे, ते सगळे हो आठवून मला घाम फुटला खरं तर. मग म्हटलं, घाला वाद. वर्गाचा नुसता बाजार झाला, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जिने आख्ख्या सेमिस्टरमध्ये तोंड उघडलं नव्हतं, ती शेजारणीला सांगत होती, 'अगं बल सारखंच आहे, पण कार हलकी ना, म्हणून तिचा वेग जास्त बदलणार, म्हणून चेंदामेंदा तिचा होतो, तू बल आणि चेंदामेंदा एकच समजतेयस.' हे इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं, तेव्हापासून मी हेच वाक्य वापरते. दुसऱ्यांदा मत घेतलं, सारखंच म्हणणारे ५३. वहीतली नोंद, फोन हातात दोन वेळा मिळून दीड मिनिट, बोलणं सात मिनिटं.

एक अडचण सांगून ठेवते. या ॲप्सच्या फुकटच्या प्लॅनमध्ये एकावेळी किती जण येऊ शकतात त्यावर बहुतेक ठिकाणी मर्यादा असते आणि कंपन्या ती बदलत राहतात, त्यामुळे सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी स्वतः तपासा, वर्गात ६८ पोरांसमोर तपासू नका. मर्यादा कमी पडली तर दोघांत एक फोन. मला तर आता तेच जास्त आवडतं, कारण एकच बटण दाबायचं असल्यामुळे दाबायच्या आधीच भांडण सुरू होतं.

आणि ज्यांच्याकडे फोन नाही, किंवा आहे पण नेट संपलंय, किंवा बॅटरी तीन टक्के? हा प्रश्न दर वर्गात असतो आणि आपण तो नसल्यासारखं वागतो, पोरं तर लाजून सांगतच नाहीत. त्यावर प्लिकर्स बघा. यात फोन फक्त शिकवणाऱ्याकडे लागतो. पोरांना छापील कार्डं द्यायची, प्रत्येक कार्डावर काळ्या-पांढऱ्या चौकटीची वेगळी नक्षी, चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर द्यायचं ती बाजू वर करून कार्ड धरायचं, आणि आपण आपला फोन वर्गावरून फिरवायचा, कॅमेरा एकेक कार्ड वाचत जातो आणि कोणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर उमटत जातं. नक्षी प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं कार्ड बघून काहीही कळत नाही, हा भाग मला भारी आवडतो. कार्डांचा मोठा सेट ६३चा आहे, माझी पोरं ६८, मग दहा जणांच्या पाच जोड्या केल्या आणि प्रश्न मिटला. सूचना दोन, कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, ट्यूबलाइटचं रिफ्लेक्शन पडून कॅमेरा आंधळा होतो, मी आख्खा गठ्ठा लॅमिनेट करून आणला होता आणि परत छापला. आणि पोरांना सांगा की बोटं नक्षीवर नकोत. बाकी या ॲपमध्ये पोरांच्या हातातल्या फोनची मिनिटं अर्थातच शून्य, तरी मी एक स्टार कमी देईन कारण चारच पर्याय, याच्या पलीकडे त्यात काही विचारता येत नाही.

आता माझं लाडकं. फायफॉक्स. जर्मनीत आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठातल्या फिजिक्सवाल्यांनी बनवलंय, २०१६पासून आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं, फुकट, जाहिराती नाहीत, अकाउंट काढायला लागत नाही, सोर्स कोडही खुला. करतं काय, तर फोनमध्ये जे सेन्सर आधीपासून बसवलेलेच असतात, त्वरण मोजणारा, फिरण्याचा वेग मोजणारा, चुंबकीय क्षेत्राचा, माइक, प्रकाशाचा, काही फोनमध्ये हवेच्या दाबाचा, ते सगळे उघडे करून तुमच्या हातात देतं. म्हणजे पोरांच्या खिशात ६८ प्रयोगशाळा होत्या आणि आम्ही लॅबमध्ये चार चालू स्टॉपवॉचसाठी नंबर लावत होतो.

ध्वनीचा वेग मोजायचा प्रयोग सांगते, कारण हा करून बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. त्यात अकूस्टिक स्टॉपवॉच नावाची गोष्ट आहे, आवाज झाला की सुरू होतं, दुसरा आवाज झाला की थांबतं. दोन फोन घ्या, बरोबर ५ मीटरवर ठेवा, प्रत्येक फोनपाशी एकेक जण. पहिल्याने टाळी वाजवली की त्याचा फोन लगेच सुरू होतो आणि दुसऱ्याचा जरा उशिरा, कारण आवाजाला ५ मीटर जायला वेळ लागतो. मग दुसऱ्याने टाळी वाजवली की दुसऱ्याचा लगेच थांबतो आणि पहिल्याचा जरा उशिरा. म्हणजे पहिल्या फोनवर जास्तीचा वेळ दिसतो, आणि तो फरक म्हणजे आवाजाला जाऊन-येऊन १० मीटरला लागलेला वेळ. आम्हाला फरक आला ०.०२९ सेकंद. दहाला ०.०२९ने भागा, ३४५ मीटर प्रति सेकंद! पुस्तकात २५ अंशांना ३४६ दिलंय. दोन टाळ्या आणि दोन फोन, दुसरं काही नाही. ज्या पोराने भागाकार केला त्याने तो तीनदा केला कारण त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय, बरोबर कसं काय आलं.

पहिल्या वेळी मात्र सगळा गोंधळ झाला होता, कारण कोणी खुर्ची सरकवली, कोणी खोकलं, पंख्याचा आवाज, की घड्याळ आपोआप सुरू. त्यात थ्रेशोल्ड म्हणून एक आकडा असतो, किती मोठा आवाज झाल्यावर दखल घ्यायची तो, तो वाढवायचा. हे मला कळायला आख्खं एक प्रॅक्टिकल गेलं, तुमचं वाचावं म्हणून लिहिलं.

दुसरा प्रयोग लंबकाचा. फोनच दोऱ्याला टांगायचा, झुलवायचा, आतला सेन्सर आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, मोजतो, तुम्ही लांबी टाकली की गुरुत्वत्वरण समोर, ते साधारण ९.८ यायला हवं. एका ग्रुपला उत्तर आलं ९. बाकीच्यांचं ९.७, ९.८ आणि यांचं सपशेल ९, परत केलं तरी ९. आधी म्हणाले फोन खराब आहे, मग म्हणाले ॲप खराब आहे. मी काही बोलले नाही, नुसती शेजारी उभी राहिले. मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं, 'लांबी कुठपर्यंत मोजली?' दोरा जिथे फोनला बांधलाय तिथपर्यंत, ९२ सेंटीमीटर. पण फोन स्वतःच १६ सेंटीमीटर लांब आहे ना राव, आणि लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, इथे गोळा म्हणजे फोन. ८ सेंटीमीटर वाढवले, १०० झाले, उत्तर ९.८. धातूच्या गोळ्याच्या लंबकावर 'मध्यापर्यंत मोजा' हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितेय आणि पोरं ते वर्षानुवर्षं वहीत उतरवतायत, ते का लिहितो हे त्या दिवशी कळलं चौघांना.

फोन दोऱ्यावर झुलत असताना त्याच्या स्क्रीनवरचे आकडे कसे वाचणार असं वाटेल, तर त्यात रिमोट ॲक्सेस आहे, दोन्ही एकाच वायफायवर असले की लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ग्राफ जिवंत दिसतो, प्रोजेक्टरवर टाकला की सगळा वर्ग बघतो. आकडे एक्सेलमध्ये पण काढून घेता येतात, ग्राफ पोरांनीच काढायचा असा माझा हट्ट आहे, त्यामुळे ही सोय मला महत्त्वाची.

उणीव एवढीच की सगळ्या फोनमध्ये सगळे सेन्सर नसतात, स्वस्तातल्या फोनमध्ये बऱ्याचदा जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, नसतो, हवेच्या दाबाचा तर फारच थोड्या फोनमध्ये. ॲप न चालणारे प्रयोग फिकट करून दाखवतं, त्यामुळे इन्स्टॉल केल्या केल्या कळतं. मी ग्रुप पाडताना हीच यादी घेते, चौघांच्या ग्रुपमध्ये निदान एक चांगला फोन, आणि ग्रुप त्यावरून पाडलेत हे कोणाला सांगत नाही. फोन कोणाचा भारी आणि कोणाचा नाही यावरून पोरं किती मनाला लावून घेतात ते मी बघितलंय.

अँकीबद्दल थोडक्यात, कारण ते वर्गातलं नाही, वर्गानंतरचं आहे. एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं, आठवलं तर ते कार्ड उशिरा परत येणार, नाही आठवलं तर लवकर. २००६ पासून आहे, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट मिळतं, आयफोनवरचं मात्र विकत आहे. दिसायला रुक्ष, एकदम सरकारी फॉर्मसारखं. पण मागे विज्ञान पक्कं आहे, २००६ सालीच रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात असं दिसलं होतं की पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे असतात पण आठवड्याने विचारलं तर वाचून झाल्यावर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे जातात. हे मी पोरांना सांगितलं, त्यांनी आनंदाने नेटवरून कोणीतरी बनवलेली ८०० कार्डं उतरवून घेतली आणि चार दिवसांत कंटाळून सोडून दिली. मग नियम केला, तासाला तीनच कार्डं, स्वतः लिहिलेली, तास संपायच्या आधी चार मिनिटांत. ६८ पैकी २०-२२ जण टिकून आहेत. मला तेवढे पुरेत.

नोट्स आणि असाइनमेंटसाठी शेवटी मूडलवर आलो. कोर्सच्या फाइल्स आणि असाइनमेंट ऑनलाइन ठेवायची ही सिस्टीम, २००२ पासूनची, ओपन सोर्स, म्हातारी आणि जरा अवजड. त्याच्या मोबाइल ॲपवर कोर्सच्या फाइल्स एकदा उतरवून ठेवल्या की नेटशिवाय वाचता येतात, लांबून प्रवास करून येणाऱ्या पोरांना तेवढंच हवं असतं. याच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही आणि असल्या ॲपबद्दल लिहिण्यासारखं काही नसणं हीच त्याची तारीफ समजा.

आमचे केमिस्ट्रीवाले सर म्हणतात, फोन नुसता बाकावर पडलेला असला तरी लक्ष विचलित होतं, तसा अभ्यास आहे. आहे, २०१७चा आहे, बराच गाजला होता, पण नंतर तोच प्रयोग परत करणाऱ्या काहींना तो परिणाम सापडला नाही, म्हणजे वाद चालू आहे. तरी माझ्या वर्गात प्रश्न संपला की फोन पालथा, बाकाच्या पुढच्या कडेला, माझ्या नजरेसमोर. यात सवलत नाही. ॲप वापरणारी बाई म्हणजे फोनला मोकळं रान देणारी बाई असा समज पहिल्या पंधरा दिवसांत मोडावा लागतो, नंतर मोडत नाही.

आणि लंबकाचा प्रयोग करणार असाल तर फोन नुसत्या दोऱ्याने बांधू नका, कापडी पिशवीत घालून पिशवी टांगा आणि खाली एक जाडसं दप्तर ठेवा. आमच्याकडे आत्तापर्यंत एकच स्क्रीन फुटलीये, ती माझ्या फोनची, आणि गाठ पण मीच मारली होती.